पोट्टी कोणत्या शाळेत बोलेल?

आमच्या ले-आऊटमध्ये शाळा आई-बाप निवडत नाहीत, व्हॅन निवडते. पोरगी पाच वर्षांची होईपर्यंत हे मला ठाऊक नव्हतं. उमरेड रोडवर, रिंग रोडच्या बाहेर, शेतात प्लॉट पाडून वसलेल्या या ले-आऊटमध्ये आमचं घर. पत्त्यात नागपूर, पाण्याच्या बिलावर ग्रामपंचायत. इथे शाळेची व्हॅन मोठ्या रस्त्यावरच थांबते. ती आत आमच्या गल्लीपर्यंत यायची असेल तर गल्लीतून दहा लेकरं मिळाली पाहिजेत. त्यामुळे थंडी सरली की गल्लीतल्या बायका एकमेकींच्या फाटकाशी उभ्या राहून ठरवतात की यंदा सगळ्यांनी मिळून कुठे जायचं. दहा जमले की शाळा ठरली. मग ती चांगली की वाईट हे कोणी विचारत नाही. लग्नाची तारीख काढल्यावर नवरदेवाचा स्वभाव कोण विचारतं?

त्या वर्षी नऊ जमली होती. दहावी आमची.

"भाऊ, तुमचं पक्कं समजू ना?" समोरच्या वहिनींनी मला स्कूटर काढतानाच गाठलं. "तुमची एक पोट्टी आली तं गाडी आपल्या दारापर्यंत येते. नाही तं उन्हातान्हात रोडवर उभे राहतीन लेकरं."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. लकडगंजला दुकानात उशीर होतोय असं सांगून निसटलो. आमच्यासमोर प्रश्न निराळाच होता आणि तो फाटकाशी उभं राहून सांगण्यासारखा नव्हता. आमची पोरगी बोलेनाशी झाली होती.

ही पोरगी दीड वर्षाची असताना बोलायला लागली ती थांबलीच नव्हती. पालीशी बोलायची, कुकरशी बोलायची, कूलर सुरू झाला की त्याच्या तोंडाशी जाऊन त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. उमरेडला माझी आई राहते. तिनं आयुष्य मागावर काढलं, त्या खटखटाटात तिचे कान तयार झालेले, पण फोनवर नातीपुढे तीसुद्धा हात टेकायची. "अवं, श्वास तं घे," म्हणायची. आणि आता ती पोरगी घरात मानेनं उत्तरं देत होती. जेवलीस? मान. झोपायचं? मान. आजीचा फोन आला की कानाला लावायची, थोडा वेळ ऐकायची आणि मुकाट्यानं परत माझ्या हातात द्यायची. पलीकडून आई विचारायची, "कट झाला का गा?" मी म्हणायचो, हो, नेटवर्क नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, कान उत्तम, घसा उत्तम, शाळेत काही झालं आहे का ते बघा. झालं. आमच्या डोक्यात पक्कं बसलं की हा शाळेचाच परिणाम. ती शाळा केजी-टूपर्यंतच होती, पहिलीसाठी शाळा बदलायचीच होती. तेव्हा जिथे आपली पोरगी बोलेल ती शाळा शोधायची. एवढंच मला हवं होतं. गणित-बिणित ती पुढेमागे शिकली असती.

ती जायची त्याला कॉन्व्हेंट म्हणतात. आमच्याकडे इंग्रजी बालवाडीला कॉन्व्हेंटच म्हणतात. तिथे नन नसते, चर्च नसतं, दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर रंगीत खुर्च्या असतात आणि वर मालक राहतात. प्रवेश घेतला त्या दिवशी तिथल्या सरांनी सांगितलं होतं, घरात पोरीशी इंग्लिशमध्ये बोला. आम्ही दोघं बाहेर आलो आणि एकमेकांकडे पाहिलं. माझं इंग्रजी दुकानातल्या बिलापुरतं. बायको कुहीची, धानाच्या बांधावर वाढलेली, कला शाखेची पदवी तिनं प्रथम श्रेणीत घेतली, पण इंग्रजीचा पेपर म्हटलं की अजून ती विषय बदलते. मग आम्ही नागपूरकर काढतो तसा मधला रस्ता काढला. इंग्रजी येत नाही तर निदान हिंदी बोलायचं. आणि मराठी बोललंच तर टीव्हीवर बोलतात तसं स्वच्छ बोलायचं. आपलं मले-तुले घरात पूर्ण बंद.

दोन वर्षं आमच्या जेवणाच्या ताटावर काय काय चाललं, ते आठवलं की आता हसावं की रडावं कळत नाही. "बेटा, सब्जी फिनिश करो," असं मी लकडगंजच्या हमालाशी बोलावं तशा हिंदीत पोरीला म्हणायचो. बायको लगेच मला दुरुस्त करायची, मी तिला दुरुस्त करायचो आणि दोघं मिळून पोरीला. तिच्या तोंडून आजीसारखं काही निघालं की आम्ही दोघं एकदम "अंहं" म्हणायचो. फार प्रेमानं म्हणायचो. आपण पोरीसाठी कष्ट घेतोय असं वाटून मला तर बरं वाटायचं.

शाळेत जाऊन बाईंना विचारलं का नाही, असं कोणीही म्हणेल. विचारलं नाही, कारण विचारायचं इंग्रजीत. पालकसभेला बायको जायची, शेवटच्या रांगेत बसायची, पुढचे लोक "एक्सक्यूज मी मॅम" म्हणून उठले की खाली बघायची, सही करून घरी यायची. "काय म्हणाल्या?" मी विचारायचो. "गुड म्हणाल्या," ती सांगायची. कोणाला गुड, कशाबद्दल गुड, देवाला ठाऊक. तिच्या जागी मी गेलो असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून मला तिला काही बोलता यायचं नाही.

तर आम्ही शाळा बघायला निघालो. पहिल्यांदा व्हॅनवाल्यांची शाळा, सीबीएसई, बरीच लांब, फाटकावर शिट्टीवाला गार्ड. प्राचार्य मॅडमनी आम्हाला स्वतः हिंडवलं. मी इंग्रजीसाठी मन घट्ट करून गेलो होतो. मॅडम आम्हाला थेट मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे सारवलेली झोपडी होती, चूल होती, खोटा बैल जुंपलेली खरी बैलगाडी होती. मुलांचं मातीशी नातं जुळावं म्हणून दर शनिवारी ती इथे शेणाच्या गोवऱ्या थापतात, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. मातृभाषेचाही एक तास असतो म्हणाल्या. फीचा कागद पाहिला आणि मी शेणाकडे नव्या आदरानं पाहिलं.

बायको स्कूटरवर बसली. मग म्हणाली, "हेच पाहाचं होतं तं कुहीले काय वाईट होतं? माह्या भावानं फुकटात दाखवलं असतं. वरून बैल खरा असता."

घरात मनाई असलेलं बोलणं ती चिडली की रस्त्यावर असं बाहेर पडायचं. पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गावठाणातली जिल्हा परिषदेची शाळा पाहिली. ले-आऊट संपतो तिथून गाव सुरू होतं, घरापासून पायी दहा मिनिटं. मी स्वतः उमरेडला असल्याच शाळेत शिकलो. मला वाटलं इथे तरी आपलं वाटेल. मुख्याध्यापकांनी आम्हाला पाहिलं आणि अक्षरशः पळत आले. पटसंख्या घसरली तर शाळेवर गदा येते, ले-आऊटमधलं एक लेकरू म्हणजे त्यांना लॉटरी. "पाहा साहेब, आपल्याकडं आता काही कमी नाही आहे," ते म्हणाले. "पहिलीपासून सेमी इंग्लिश. कॉन्व्हेंटवाल्याइच्या एक पाऊल पुढं." त्यांनी डिजिटल फळा लावून दाखवला. एका पोराला उभं केलं. त्यानं शर्ट खाली ओढला, डोळे मिटले आणि रंगांची इंग्रजी नावं, महिन्यांची इंग्रजी नावं, शेवटी "थँक यू सर अँड मॅडम" असं एका दमात म्हणून टाकलं. मराठीचा एक शब्द त्यांनी आमच्यासमोर पोरांना काढू दिला नाही.

माझं डोकं फिरलं. जिथे इंग्रजी विकत घ्यायला गेलो तिथे शेण दाखवलं, आणि जिथे आपली माणसं भेटतील म्हणून गेलो तिथे जानेवारी-फेब्रुवारी. प्रत्येक शाळा दुसऱ्या शाळेचा माल दुकानात मांडून बसलेली. गिऱ्हाइकानं करायचं काय?

मुख्याध्यापक वाकून पोरीला म्हणाले, "व्हॉट इज युअर नेम, बेटा?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. आणि आईच्या पदरामागे गेली. "लाजते," मी म्हणालो. "बोलन, बोलन," ते म्हणाले, "इथं सगळे बोलतात." हे त्यांनी खात्रीनं सांगितलं की पटासाठी सांगितलं, मला कळलं नाही.

त्यानंतर आमची गाडी पुढे सरकेना. एक दिवस मी व्हॅनच्या बाजूनं आणि बायको झेडपीच्या बाजूनं, दुसऱ्या दिवशी उलट. दुकानात शेठ म्हणाले, पैशाकडे पाहू नको, मोठ्या शाळेत टाक. शेजारच्या दुकानातला म्हणाला, मोठ्या शाळेतली पोरं बापाला ओळख देत नाहीत. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे ठीक, पण मनाला काही करायचंच सुचत नसेल तर? समोरच्या वहिनींनी आता मला विचारणं सोडलं होतं. त्या नुसत्या फाटकाशी उभ्या राहून माझ्याकडे बघायच्या. ते जास्त वाईट होतं.

ऊन तापायला लागलं आणि कॉन्व्हेंटमधून टीसी आणायची वेळ झाली. पोरीला वहिनींकडे ठेवून आम्ही दोघं गेलो. आता शेवटचंच जाणं, तेव्हा तोंड उघडायला हवं, म्हणून वाटेत मी इंग्रजी वाक्य घोकत होतो. बायको मागे बसून ते दुरुस्त करत होती. वर्गात मुलं नव्हती. पोरीच्या बाई पंख्याखाली ओला रुमाल मानेवर टाकून बसल्या होत्या. मी घसा खाकरला आणि वाक्य काढणार तोच त्या म्हणाल्या, "या न भाऊ, बसा. काय ऊन तपून राहिलं बाप्पा! टीसी पाह्यजे न? कुठं टाकता पोरीले?"

मला माझं इंग्रजी वाक्य गिळावं लागलं. या बाईंना आम्ही दोन वर्षं घाबरत होतो. त्या आमच्याच बाजूच्या, काटोलच्या निघाल्या.

बायकोचा बांध फुटला. "जिथं ती बोलन तिथं टाकू, मॅडम," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

"बोलन म्हणजे?"

"बोलत नाही न ती."

"कोण?" बाईंनी मानेवरचा रुमाल काढला. "तुमची? माय वं! ताई, तिले गप बसवता बसवता माह्या घशाले कोरड पडते. हिच्या बाजूले बसवली तं हिच्याशी बोलते, तिच्या बाजूले बसवली तं तिच्याशी. शेवटी माह्या टेबलाजवळ आणून बसवली, तं माह्याशीच बोलते."

आम्हाला वाटलं, त्या दुसऱ्याच मुलीबद्दल सांगत आहेत. मी पोरीचं नाव सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तीच.

"काय बोलते?" मी विचारलं.

"काय नाही बोलत ते विचारा. आजी मागावर बसली की पाय कसे हालवते ते करून दाखवते. मामाचा बैल कसा पळाला ते सांगते. तुम्ही दुकानातून आल्यावर कसे जेवता जेवता झोपता, त्याची तं नक्कलच करते. लेकरं डबा खाचं विसरतात. हिंदी म्हणा, मराठी म्हणा, मधात इंग्लिश, जे सापडन ते." मग त्या थांबल्या आणि आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "घरी नाही सांगत का?"

बायकोनं पदरानं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "पण सरांनीच सांगतलं होतं न, घरी इंग्लिशच बोला म्हणून?"

"ते तं सर सगळ्याइलेच सांगतात, ताई," बाई म्हणाल्या. "कोणी ऐकते थोडी."

टीसी घेऊन आम्ही बाहेर आलो. स्कूटरची सीट चटका देत होती. मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. सरांचा म्हणावं तर त्यांनी एक वाक्य सांगितलं आणि विसरून गेले. बाईंचा म्हणावं तर त्यांच्याकडे माझी पोरगी दोन वर्षं खळखळून बोलत होती, त्यांना मी शिव्या देऊ की पाया पडू? घरी आल्यावर आम्ही भांडलो. तू अंहं करायचीस, तुम्ही जास्त करायचे, असं. तेही हिंदीतून सुरू झालं आणि मग कशातही झालं.

दुसऱ्या दिवसापासून घरातले सगळे नियम रद्द. पण ठरवून आपली भाषा बोलता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. मी "मले पाणी दे" म्हणालो तर ते गणेशोत्सवातल्या नाटकासारखं वाटलं. पोरगीही आमच्याकडे तशीच बघत होती, हे लोक आता काय नवीन काढतायत म्हणून. बोलली नाहीच. आई फोनवर तिला हाका मारत राहिली. पोरगी फोन घ्यायची, ऐकायची आणि माझ्या हातात द्यायची.

आणि शाळा? तो प्रश्न आणखीच अवघड झाला. आतापर्यंत निदान मोजायला एक माप होतं, ती कुठे बोलेल. ती तर कुठेही बोलत होती. शेणवाल्या शाळेत बोलली असती, जानेवारी-फेब्रुवारीवाल्या शाळेत बोलली असती. फक्त आमच्याकडे बोलत नव्हती, आणि आमच्याकडून नाव काढून दुसऱ्या घरी घालायची काही सोय नव्हती.

निर्णय बायकोनं घेतला, पोळ्या लाटता लाटता. "व्हॅननं गेली तं व्हॅनमध्ये बोलन," ती पोळपाटाकडे बघत म्हणाली. "पायी गेली तं तुमच्यासोबत जाईन. दहा मिनिटं का होईना. एखादा शब्द आपल्या वाट्याले येईन."

म्हणून झेडपी. दुसरं कोणतंही कारण नाही. लोकांनी मात्र आपापली कारणं लावली. कोणी म्हणालं यांचं आर्थिक काहीतरी बिनसलं आहे. मुख्याध्यापक जिकडेतिकडे सांगत सुटले की ले-आऊटमधल्या एका सुशिक्षित पालकाला मातृभाषेचं महत्त्व पटलं. मी नाही म्हणालो नाही. समोरच्या वहिनींना मागच्या गल्लीतून दहावं लेकरू सापडलं आणि एप्रिलमध्ये व्हॅन आमच्या दारावरून जाऊ लागली. गल्लीतली सगळी पोरं टाय लावून तिच्यात बसायची, आमची फाटकाच्या गजांमधून बघायची. मी चूक केली का? रोज सकाळी वाटायचं केली. दुकानातून येईपर्यंत वाटायचं नाही केली. आजही विचाराल तर मला सांगता येणार नाही.

झेडपीची शाळा जूनच्या शेवटी उघडली. बायकोनं पोरीच्या दोन वेण्या घातल्या, स्वतःही यायला निघाली, पण फाटकाशी थांबली. "तुम्हीच जा," म्हणाली. आम्ही दोघंच निघालो. माझं पाऊल मोठं पडत होतं म्हणून मी हळू चालत होतो, आणि ती नव्या दप्तराचे बंद धरून जमिनीकडे बघत चालत होती. रिकामे प्लॉट मागे पडले. रस्ता संपत चालला आणि एक शब्द नाही. आता काय बोलायचं आणि कशात बोलायचं, मलाही सुचत नव्हतं. गावातलं हनुमानाचं देऊळ दिसायला लागलं तसा तिनं माझा हात धरला. तिचा तळवा घामानं ओला होता.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, ठरवलं नव्हतं, माझी आई मला म्हणायची तसंच, "भेव वाटून राहिलं का वं तुले?"

ती थांबली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात, समजावणीच्या सुरात म्हणाली, "असं नाही बोलायचं, बाबा."

"मग कसं बोलू?" मी विचारलं.

तिनं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तिनं थोडा विचार केला आणि माझा हात ओढून पुन्हा चालायला लागली.

"शाळा येईपर्यंत असंच बोला," ती म्हणाली.